दुर्गापुऱ्यातली आंतरराष्ट्रीय मैफल

दिल्लीत जितक्या म्हणून देशांच्या वकिलाती आहेत, तितक्या सगळ्यांना आपल्या घरी उतरायचं आमंत्रण धाडणारा माणूस या भूतलावर एकच झाला, आणि तो जयपूरला दुर्गापुऱ्यात आमचा घरमालक होता. यात तिळभरही अतिशयोक्ती नाही, कारण ती सगळी आमंत्रणं मी माझ्या हातांनी टाइप केलेली आहेत. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझ्या नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून जयपूरला गेलो होतो. मलाही तिथल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली होती. घर शोधता शोधता कुणीतरी सांगितलं, दुर्गापुऱ्यात एक मराठी सुभेदार आहेत, फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले, खालच्या दोन खोल्या भाड्याने देतात. आम्ही गेलो. ताठ कण्याचे, पांढऱ्या मिशांना पीळ दिलेले साठीचे गृहस्थ दारात उभे. भाडं, अनामत, मांसाहार यातलं काही त्यांनी विचारलं नाही. आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत ते म्हणाले, "तुमच्यात बेसूर कोण?" माझा नवरा सरळ माणूस. त्याने वर्गात उभा राहिल्यासारखा हात वर केला. "सांगितलंत ते बरं केलंत. न्हाणीघरात गायचं न्हाई, एवढी एकच अट. न्हाणी आमच्या देवघराखाली येते." एवढ्यावर घर आमचं झालं.

ते मूळचे सातारा जिल्ह्यातले. वयाच्या सतराव्या वर्षी फौजेत गेले, तिथे कुणीतरी हातात क्लॅरिनेट दिली, आणि मग तीस-बत्तीस वर्षं त्यांनी देशाची सेवा फुंकून केली. शेवटची नेमणूक जयपूरला होती. निवृत्तीनंतर गावी परत जायचं ठरलं होतं. पण गावात बँडवाला म्हणून आपल्याला लग्नाच्या वरातीची सुपारी देतील, या धास्तीने त्यांनी इथेच घर बांधलं. फौज सुटली तरी तिची चाल काही सुटली नाही. ते मिनिटाला मोजून एकशे वीस पावलं चालत, मग दूध आणायला जायचं असो की डॉक्टरकडे. बाजारात त्यांच्यासोबत गेलं की माझी अर्धी खरेदी धावत होई. भाजीवाला गल्लीत शिरून "टमाटर, गोभी" असा पुकारा करू लागला की हे गच्चीवरून ओरडत, "भैया, गोभी नीचे गिर रही है! ऊपर उठाओ!" पहिल्या वेळी त्या बिचाऱ्याने घाबरून हातगाडीखाली वाकून पाहिलं होतं. सहा महिन्यांनी मात्र त्याची गोभी इतकी सुरात आली की शेजारच्या गल्लीतल्या बायका केवळ ऐकून त्याच्याकडे यायला लागल्या.

नळाला पाणी पहाटे यायचं आणि तेही लहर लागेल तेव्हा. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. त्यांच्या नळाने पहिली गुळणी टाकली की ते गच्चीवर जाऊन बिगुल वाजवत आणि सबंध गल्ली बादल्या घेऊन उठे. घड्याळाचा गजर कुणी लावतच नसे. एकदा ते तापाने दोन दिवस पडून होते, तर दोन्ही दिवस आठ घरांत आंघोळी झाल्या नाहीत. समोरचे शर्माजी शेवटी हात जोडून काकूंना म्हणाले, "भाभीजी, बुखार उतरे तो सबसे पहले हमें बताना."

घरमालकांना आम्ही काका म्हणू लागलो होतो, आणि काकू म्हणजे त्यांची बायको. ठेंगणी, गोल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि तोंडात अस्सल कोरेगावची भाषा. नवरा फौजेत देशभर फिरला, तशी त्याच्यामागे ही बाईही फिरली. पण बोलण्यातला एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. दुकानदाराशीसुद्धा ती मराठीतच बोले आणि दुकानदाराला कळे. नवऱ्याच्या छंदांकडे ती पावसाकडे पाहावं तशी पाहायची. आला की वाळवण उचलायचं, गेला की पसरायचं; भांडण कशाला?

तर एका थंडीत काकांनी घरी एक जोडपं आणलं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात कृत्रिम पाय बसवून मिळत. तो पाय घालून मांडी घालता येते, शेतात अनवाणी चालता येतं, अशी त्याची कीर्ती होती आणि देशभरातून माणसं येत. गर्दी एवढी की सोबत आलेल्यांनी कुठे राहायचं हा प्रश्नच असे. काका कशासाठी तरी तिकडे गेले होते, तेव्हा व्हरांड्यात त्यांच्या कानावर खटाव तालुक्यातलं मराठी पडलं. धोंडीराम नावाचा निवृत्त शिपाई. सरहद्दीवर सुरुंगावर पाय पडला होता आणि दहाएक वर्षं तो कुबडीवर होता. सोबत बायको. चार दिवस दोघं व्हरांड्यात एका घोंगडीत झोपत होती. काकांनी काही विचारलं नाही. धोंडीरामचं बोचकं उचललं, म्हणाले, "स्क्वाड, माझ्यामागं." आणि प्रथमच, काकूंच्या सांगण्यानुसार आयुष्यात पहिल्यांदाच, ते मिनिटाला एकशे वीस पावलं न टाकता कुबडीच्या वेगाने चालत बसस्टॉपपर्यंत आले.

पाय बसला, पण धोंडीराम त्यावर उभा राहीना. पाय टेकला की त्याला आपण पुन्हा सुरुंगावर पाऊल ठेवतोय असं वाटे आणि तो घामाघूम होई. बायको समजावून थकली. दवाखान्यातल्या माणसांनी सांगितलं होतं, घाई करू नका, सराव करा. मग एका सकाळी काकांनी क्लॅरिनेट काढली. अंगणाच्या या टोकाला धोंडीराम, त्या टोकाला खुर्चीवर काका. म्हणाले, "धोंडीराम, जमिनीकडं बघायचं न्हाई. सुराकडं बघायचं. सूर पडला की पाय टाकायचा." आणि त्यांनी एक संचलनाची धून वाजवायला घेतली, पण इतकी संथ, की दोन सुरांच्या मध्ये मी गॅसवर चहा ठेवून आले. पहिला दिवस धोंडीराम जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी एक पाऊल. काका तोच सूर धरून बसले, गाल फुगलेले, डोळे त्याच्या पायावर. दुसरं पाऊल पडेपर्यंत त्यांनी सूर सोडला नाही. त्यांचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. काकू आतून ओरडल्या, "आरं टाक की बाबा पाय, न्हाईतर मी विधवा व्हईन!" धोंडीरामला हसू आलं आणि हसता हसता दुसरं पाऊल पडलं. तीन आठवड्यांनी तो अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चालत गेला आणि काकूंच्या पाया पडला. उठता आलं नाही ही गोष्ट वेगळी. त्याला उठवायला माझ्या नवऱ्याला हाक मारावी लागली.

गावी परतलेल्या धोंडीरामने हे सगळं कुणाकुणाला सांगितलं असावं. कारण त्यानंतर एकेक, दोन-दोन माजी सैनिक पत्ता विचारत यायला लागले. कुणी मराठी, कुणी शेखावाटीकडचे, एक तर थेट गढवालचा. समोरच्या खोलीत एका वेळी चार खाटा लागू लागल्या. पाचवा आला तेव्हा काका-काकूंनी आपली झोपायची खोली सोडली आणि जिन्याखाली अंथरूण टाकलं. सहावा आला त्याला मात्र जागाच नव्हती. काका त्याला पुन्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचवून आले, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी बिगुल वाजवून झाल्यावर ते खाली आमच्या दारात आले. "सूनबाई, टाइपरायटर काढा. आपल्याला जगातल्या सगळ्या फौजांच्या म्हाताऱ्या बँडवाल्यांना जयपुरात बोलवायचंय. मोठी मैफल करू. आपापल्या देशातल्या जुन्या जवानांच्या मानासाठी वाजवतील. जो निधी जमंल त्यात दवाखान्याजवळ आलेल्या माणसांसाठी जागा बांधू. मतलब, एकदम सोपं काम हाय."

मला वाटलं, दोन-चार पत्रांत हौस फिटेल. ती दोन वर्षं फिटली नाही. रोज संध्याकाळी मी कचेरीतून आले की काका वही घेऊन हजर. मजकूर ते मराठीत सांगत आणि मी तो इंग्रजीत करी. "लिवा. राजदूतसाहेबांना कडक सलाम." मी 'महोदय' लिही. "लिवा. तुमच्या राजेसाहेबांची तब्येत बरी असंल." मी म्हणे, "काका, या देशात राजा नाही." "मग कोण हाय त्याची असंल." पत्ता म्हणून ते नुसतं देशाचं नाव आणि 'नवी दिल्ली' एवढंच घालायला लावत, पोस्टमन शहाणा असतो, यावर त्यांची श्रद्धा होती. देशांची नावं माझ्या नवऱ्याच्या बँकेच्या डायरीत शेवटच्या पानांवर होती, ती आम्ही अकारविल्हे घेतली. पण प्रत्येक पत्रात एक परिच्छेद मात्र ते इकडचा शब्द तिकडे होऊ देत नसत. त्यात अंगणात चालायला शिकणाऱ्यांची हकिगत होती, आणि शेवटी विचारलेलं असे, की तुमच्या देशात अशा माणसांना चालायला शिकवताना कोणती धून वाजवतात, ते कृपया कळवावे.

एकीकडे उतरायची व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक देशाचे वीस वादक धरले तर काकांच्या हिशेबाने बाराशे माणसं येणार होती. काकूंनी फक्त विचारलं, "भाकऱ्या किती हुत्यात?" आणि उत्तराची वाट न बघता पीठ चाळायला लागल्या. काका फीत घेऊन गल्लीतल्या घरोघरी खोल्या मोजत फिरले. आमची बैठकीची खोली नॉर्वेला लागली. माझा नवरा म्हणाला, आपली खाट आखूड आहे, त्यावर काकांनी विचार करून नॉर्वे रद्द केलं आणि जपान दिलं. शर्माजींकडे मागच्या अंगणात एक खोली पडून होती. ते म्हणाले, "देखिए सूबेदार साहब, दो आदमी रख लूँगा। पर अंडा तो दूर, प्याज-लहसुन भी नहीं चलेगा।" काकांनी वहीत नोंद केली: शर्माजी, दोन, कांदा-लसूण न खाणारा देश शोधणे. त्या बिचाऱ्या शर्माजींनी पदरचा चुना आणून खोली आतून पांढरी केली, खिडकीला नवी काच बसवली. गल्लीतल्या आणखी चौघांनी तसंच केलं. कोपऱ्यावरच्या एका मास्तरणीने तर आपल्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी 'सुस्वागतम्' असं उशांच्या अभ्र्यांवर भरतकाम केलं. कोण कुणाशेजारी बसणार याचा नकाशाही तयार झाला होता. कधीकाळी एकमेकांशी लढलेल्या देशांच्या मधोमध काकांनी प्रत्येक ठिकाणी आपल्या काकूंना बसवलं होतं.

उत्तरं यायची ती अशी. एका वकिलातीने चकचकीत कॅलेंडर पाठवलं. एकीने आपल्याकडच्या चीजचं माहितीपत्रक. बहुतेकांनी दोन ओळींची छापील दिलगिरी पाठवली आणि उपक्रमाला शुभेच्छा दिल्या. काका दिलगिरीची ओळ वाचायचेच नाहीत. "शुभेच्छा हाय म्हंजे अर्धं आल्यागत हाय," असं म्हणून ते कागद फायलीला लावत.

आता माझ्याकडून झालेली गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी शहरातल्या मराठी मंडळींची संक्रांतीची बैठक होती. काका फाईल काखेत मारून गेले आणि उभे राहून त्यांनी आपली योजना मांडली. बँकेतले, विम्यातले, निरनिराळ्या खात्यांतले साहेब लोक. आधी मिशीत हसले, मग मोकळेपणी. एकजण म्हणाले, "सुभेदार, आधी गणपतीत एक आरती सुरात बसवून दाखवा, मग जग बोलवा." हशा झाला. काकाही सगळ्यांबरोबर हसले. त्यांना वाटलं, आरतीचा प्रश्न खरोखरच गंभीर आहे. तेवढ्यात एका बाईंनी मला विचारलं, "ती पत्रं टाइप करणाऱ्या तुम्हीच ना?" आणि मी म्हणाले, "छे हो, त्यांचं आपलं काहीतरी चालू असतं." म्हणाले, आणि हसलेसुद्धा. काका दोन खुर्च्या पलीकडे होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. त्यानंतर टाइप केलेली पत्रं कचेरीत जाताना पोस्टात टाकायची माझ्यावर सोपवलेली असत, ती मी टाकली नाहीत. वेळ झाला नाही, असं आधी स्वतःला सांगितलं. मग गाद्यांच्या पेटीत ठेवायला लागले. अशी एकवीस पत्रं जमली.

उन्हाळ्याच्या तोंडावर बेल्जियमहून एक जाड लिफाफा आला. वकिलातीने पत्र पुढे धाडलं असणार आणि ते फिरत फिरत तिकडच्या कुठल्याशा वृद्ध सैनिकांच्या आश्रमात पोचलं होतं. पत्र इंग्रजीत, थरथरत्या अक्षरात. मी वाचून दाखवलं. लिहिणारे आजोबा फौजेच्या बँडमध्ये होते. आता अंथरुणावरून उठत नाहीत, त्यामुळे येता येत नाही याची क्षमा मागत होते. तुमच्या प्रश्नावर मी तीन महिने विचार केला, त्यांनी लिहिलं होतं. असं संगीत आमच्याकडेही कुणी केलेलं दिसत नाही. आम्ही चालणाऱ्यांसाठीच धुना बांधल्या, चालायला शिकणाऱ्यांसाठी बांधायची राहून गेली. म्हणून ही एक बांधून पाठवतो आहे. सोबत हाताने आखलेल्या रेघांवर काळी स्वरचिन्हं भरलेली तीन पानं होती.

काकांना ती लिपी वाचता येत होती. त्यांनी पानं हातात धरली, ओठ हलवत शेवटपर्यंत गेले, पुन्हा पहिल्या पानावर आले. मग म्हणाले, "सूनबाई, ह्यांनी दर चार पावलांनंतर दम घ्यायला जागा सोडलीय बघा." आणि ती प्रत्येक जागा मला बोटाने दाखवत गेले.

मला ते सहन झालं नाही. मी आत गेले, गाद्यांच्या पेटीतून तो एकवीस पत्रांचा गठ्ठा काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. बैठकीत मी काय बोलले होते तेही सांगितलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. काकांनी गठ्ठ्यावरून हात फिरवला, पत्रं सारखी केली. मग म्हणाले, "परेडमधे एखाद्याचं पाऊल चुकतं. त्याच्यासाठी बँड थांबवत न्हाईत, सूनबाई. त्यानं हलकेच एक उडी घ्यायची आन् मिळून जायचं." गठ्ठा माझ्या हातात देत पुढे म्हणाले, "पर लाज वाटली तेव्हा सांगायचं हुतं. मी दुसऱ्याकडनं टाइप करून घेतलं असतं." रागावले असते तर बरं झालं असतं. आम्ही दोघं त्याच संध्याकाळी पोस्टात गेलो. त्यांनी एकेक पत्र माझ्याच हातून पेटीत टाकवलं.

त्या एकवीस पत्रांना एकही उत्तर आलं नाही, आणि तरीही मैफल झाली. पुढच्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, आमच्या गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट होता तिथे. तोवर काकांनी बाराशेवरून खाली यायचं मनाशी कबूल केलं होतं. पण 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द सोडायला ते तयार नव्हते. तो प्रश्न माझ्या नवऱ्याने सोडवला. त्याच्या बँकेच्या दारावर थापाजी नावाचे पहारेकरी होते, नेपाळचे, गुरखा पलटणीत बासरी वाजवलेले. बेल्जियमची धून, नेपाळचे थापाजी आणि भारताचे आम्ही. "तीन देश झाले," काका समाधानाने म्हणाले. "आंतरराष्ट्रीय व्हायला दोन लागतात. एक जादाच हाय." वादकांतले उरलेले दोघे काकांचे जुने सहकारी. ते आता शहरात लग्नाच्या बँडमध्ये वाजवत आणि सवयीने दर धुनेच्या शेवटी वरातीच्या ठेक्यात घसरत. त्यांना वठणीवर आणण्यात काकांचा सगळा पावसाळा गेला. मोठा ढोलही त्या लग्नाच्या बँडचाच. त्यावर लाल अक्षरात 'शादी-ब्याह के लिए संपर्क करें' लिहिलेलं होतं. काकूंनी त्याला आपली शाल नेसवली.

एक बडे पाहुणे बोलावले होते, ते आले नाहीत. त्यांच्या खुर्चीचं काय करायचं, यावर कुजबुज सुरू झाली. काकांनी ती खुर्ची सरळ उचलून पहिल्या रांगेत नेऊन ठेवली. त्या रांगेत अकरा माजी सैनिक बसले होते, सगळे काकांकडे किंवा दवाखान्यात मुक्काम केलेले. धोंडीरामही गावाहून मुद्दाम आला होता. त्याने घोंगडी आणली होती, काकूंसाठी. बाकी गल्ली उभी राहिली, कारण बसायचा मान फक्त त्या रांगेचा होता. शर्माजी, त्यांची ऐंशी वर्षांची आई, भाजीवाला हातगाडीसकट. मराठी मंडळींपैकीही काहीजण आले होते आणि मागे उभे राहून एकमेकांकडे पाहत होते.

देशभक्तीच्या दोन-तीन धुना झाल्या. लोकांनी टाळ्या दिल्या. मग काकांनी हिंदीत सांगितलं, की आता बेल्जियमच्या एका आजारी उस्तादांनी खास या पहिल्या रांगेसाठी केलेली धून वाजवणार आहोत. सुरुवात केली. फार साधी होती ती, चार सुरांचा एक पाळणाच म्हणा ना. फक्त ढोलाचा ठेका पाळण्याला उठवून उभं करत होता. दुसऱ्या आवर्तनाला पहिल्या रांगेतला एक जवान उठला. शेखावाटीकडचा, अंगाने दांडगा. त्याला पाय बसवून सहा दिवस झाले होते, आणि आधाराशिवाय उभं राहायचं नाही अशी ताकीद होती. तो कुणाचा हात न धरता बँडच्या दिशेने निघाला. त्याची बायको किंचाळली. कुणीतरी धरायला धावलं, तर धोंडीरामने बसल्या जागेवरून काठी आडवी घातली. "न्हाई. येऊ द्या त्याला."

काकांचे डोळे त्याच्या पायावर खिळले. त्यांनी लय उतरवली. जवानाचं पाऊल हवेत अडकलं, काकांनी सूर लांबवला. आणखी उतरवली. ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. थापाजींचे डोळे बाहेर आले, कान लाल झाले. एकेक सूर इतका लांब, की शर्माजींच्या आईने मोठ्याने विचारलं, "बाजा खराब हो गयो के?" कुणी हसलं नाही. पंधराएक पावलं असतील. शेवटचं पाऊल पडलं आणि त्या दांडग्या माणसाने काकांच्या खांद्यावर दोन्ही हात टाकले, तेव्हा कुठे सूर सुटला. त्या शांततेत थापाजी खाली बसले आणि म्हणाले, "साब, सांस खतम हो गया." मग मात्र प्लॉटवर असा हशा आणि अशा टाळ्या उठल्या, की लग्नाच्या बँडवाल्या दोघांना राहवलं नाही. त्यांनी वरातीचा ठेका सुरू केला, आणि काकांनी तो त्या एका दिवसापुरता थांबवला नाही.

दवाखान्याजवळ जागा बांधण्याइतकं काही त्यातून उभं राहिलं नाही. पण दुसऱ्या सकाळी बिगुल झाल्यावर शर्माजी बादली बाजूला ठेवून काकांकडे आले. "सूबेदार साहब, विदेशी तो आए नहीं। कमरा पुता-पुताया पड़ा है। दो जवान मेरे यहाँ भेज दीजिए।" आणि मान खाली घालून पुढे म्हणाले, "प्याज की बात... वो माताजी से मैं कर लूँगा।" आठवडाभरात गल्लीतल्या पाच खोल्या भरल्या. मास्तरणीच्या घरी उतरलेला गढवाली हवालदार 'सुस्वागतम्'च्या अभ्र्यावर डोकं ठेवायला संकोचायचा. उशी उलटी करून झोपायचा.

काकांनी मग एकच पत्र लिहायला सांगितलं. त्यात सलाम नव्हता, राजाची चौकशी नव्हती. धून वाजली तेव्हा काय झालं, तेवढंच. कोण उठला, किती पावलं चालला, थापाजींचा दम कुठे संपला, तिथपर्यंत सगळं. ते मी जसंच्या तसं इंग्रजीत केलं. दोन महिन्यांनी त्या आश्रमाच्या व्यवस्थापिकेचं उत्तर आलं. आजोबा गेले होते. शेवटच्या आठवड्यात तुमचं पत्र त्यांना दोनदा वाचून दाखवलं, असं तिने लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी चादरीवर बोटांनी ताल धरला होता. मागे त्यांचं कुणी नाही, म्हणून हे तुम्हाला कळवते.

काकांनी विचारलं, "वय काय लिवलंय?"

"चौऱ्याऐंशी."

"सीनियर हुते," ते म्हणाले आणि मिशांवरून हात फिरवत उगाच बाहेर जाऊन उभे राहिले.

काकू चुलीजवळून उठून आल्या. "मागं कुणी न्हाई म्हणती व्हय ती बाई? मग तेरावा कोण करणार त्यांचा?" त्यांनी बोटांवर मोजलं. "आपल्याला कळलं त्या दिसापास्नं धरायचं." आणि खरोखर तेराव्या दिवशी दुर्गापुऱ्यात त्या बेल्जियमच्या आजोबांचा तेरावा झाला. अंगणात मुक्कामाला असलेले सगळे जवान पंगतीला होते, थापाजी होते, शर्माजी कांदा नसलेल्या कोपऱ्यात होते. काकूंनी गव्हाची खीर केली होती. वाढता वाढता त्यांनी मला हळूच विचारलं, "त्यास्नी गोड आवडत असंल का गं?" कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचं नाव काकूंना उच्चारता येईना, म्हणून पान ठेवताना त्या "आमच्या ह्यांचं बेल्जमचं भाऊ" असं म्हणाल्या.

पंगत उठल्यावर काका पायरीवर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. तोवर आमच्या नागपूरच्या बदलीचा हुकूम येऊन पडला होता आणि मला तो त्यांना सांगायचा होता. पण त्या दिवशी सांगितला नाही. थंडी सरत आली होती. एक नवा आलेला जवान भिंतीला धरून अंगणात चालत होता, आणि काका त्याच्याकडे पाहत होते, पण पाहत नव्हतेही. इतक्या वकिलाती, इतके राजदूत, बाराशे माणसांच्या भाकऱ्या. यातलं त्यांना खरं काय हवं होतं, कोण जाणे. गल्लीत सगळे त्यांच्यावर जीव टाकत; पण ज्याच्याशी सुरांबद्दल बोलता येईल असं आमच्यात कुणी नव्हतं, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

"एकदा भेट व्हायला हवी हुती," ते म्हणाले. "नुसतं बसलो असतो. वाजवायला पायजेच असं काय न्हाई."